घाटीवरचं मिसिंग

जी गाडी बंद पडून माझ्या दारात येते, तिच्यावर माझा जीव असतो. बंद म्हणजे बंद. कुठंतरी काही तुटलेलं, जळलेलं, अडकलेलं असतं आणि शोधलं की सापडतं. माझं डोकं फिरतं ते मिसिंगच्या गाडीनं. इंजिनातले सिलेंडर पाळीपाळीनं पेटतात. एखाद्याची पाळी चुकली की गाडी उचक्या देते, ताकद सोडते. रोज चुकली तर चोर पकडता येतो. पण महिन्यातून एकदा चुकणारी आणि गॅरेजमध्ये आली की नव्या जावयासारखी सभ्य बसणारी गाडी भेटली, की मला राग येतो. तो राग मी गाडीवर काढत नाही, गाडी आणणाऱ्यावर काढतो.

मंगरूभाऊ मडावीची व्हॅन तशी होती. मंगरूभाऊ बेलटोल्याचा. आमच्या कुरखेड्यापासून हा टोला, म्हणजे छोटी वस्ती, बावीस किलोमीटर आत, जंगलात, मधे एक घाटी. टोल्यात चौदा घरं आणि चार चाकांची ही एकच गाडी, वीस वर्षांची, पेट्रोलवर चालणारी. तिचं इंजिन समोरच्या सीटखाली असतं. सीट उचलली की इंजिन दिसतं. धान, मोहफूल, बाजाराची माणसं, तापानं फणफणलेली माणसं, सगळी तिच्यातूनच कुरखेड्याला यायची.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या पोराचं, अंकुशचं लग्न ठरलं, तेव्हा मंगरूभाऊनं व्हॅन माझ्याकडून नीट करून घेतली. लग्नाच्या दिवशी नवरी घेऊन वरात परत येत होती, तर घाटीच्या माथ्यापुढं गाडीनं उचक्या दिल्या. अर्धा तास रखडली आणि मग आपोआप सुधारली. दुसऱ्या दिवशी मंगरूभाऊ माझ्यापुढं उभा. म्हणाला, पेन ओलांडलं आणि गाडी बिघडली. पेन म्हणजे त्यांच्या गोंडीत देव. घाटीच्या माथ्यावर एका जुन्या मोहाखाली त्यांच्या टोल्याचं ठाणं आहे.

"मंगरूभाऊ, माह्या गॅरेजमंधी देव आनाचा नाई," मी म्हणालो. "गाडीत काय होते ते सांगा. देवाचं नोका सांगू."

माझे वडील बापूराव यांनी मला अक्षरओळखीआधी बावीस प्रतिज्ञा पाठ करून दिल्या होत्या. देव-देवस्कीचं नाव निघालं की माझे कान आपोआप मिटतात. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण कान मिटले की समोरच्याचं पुढचं वाक्यही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मंगरूभाऊ गप्प झाला आणि चावी ठेवून बाजारात निघून गेला.

मी प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, कार्बोरेटर उघडून धुतला. गाडी वडसा रस्त्यावर दहा किलोमीटर पळवून आणली. रस्ता सपाट, गाडीत मी एकटा. इंजिन शिलाई मशीनसारखं चाललं. मी चावी परत दिली आणि सांगितलं, काही नाही.

असं चार वेळा झालं. दर वेळी तेच गाऱ्हाणं, दर वेळी तोच वडसा रस्ता, दर वेळी मी तेच सांगायचो. तिसऱ्या वेळी मंगरूभाऊ चाचरत म्हणाला, की बाजाराच्या दिवशी गाडी भरलेली असते तरी काही होत नाही, सूनबाई बसली की होते. तिला दिवस गेले होते आणि तपासणीसाठी न्यावी लागायची. मी पाना हातात धरून हसलो. सुनेच्या अंगात करंट आहे का, असं विचारलं. गॅरेजमधली दोन गिऱ्हाइकंही हसली. मंगरूभाऊसुद्धा हसला, कारण तो भला माणूस आहे.

त्याची सून करिश्मा. तेव्हा एकवीस वर्षांची. तिला सिकलसेल आहे. तिच्यासारख्या बाईचं बाळंतपण घरी करणं म्हणजे जिवाशी खेळ, हे माझी बायको नंदिनी टोल्यात सांगून आली होती. नंदिनी उपकेंद्रात नर्स आहे आणि बेलटोला तिच्याकडंच येतो.

मागच्या वर्षी जानेवारीत, दुपारी, करिश्माला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन निघाली होती. त्यांनी व्हॅन काढली. पेन ओलांडलं, आणि पुढं अर्ध्या किलोमीटरवर गाडीनं उचक्या दिल्या. दुसऱ्या वळणावर ती बंदच पडली. फोनला रेंज नाही. सव्वा तास गाडी उभी होती. मूल तिथंच झालं, रस्त्याच्या कडेला, सासूच्या लुगड्यात. ते रडलं नाही. मुलगा होता. त्यानंतर गाडी पहिल्या चावीला सुरू झाली आणि करिश्माला गडचिरोलीला पोचवून आली. ती बारा दिवस तिथं होती.

चौथ्या दिवशी मंगरूभाऊ व्हॅन घेऊन माझ्याकडं आला. मी सगळं पुन्हा पाहिलं. वडसा रस्त्यावर गेलो. परत आलो.

"गाडीत काई नाई," मी म्हणालो. "बिघाड तुमच्या डोक्यात हाय."

नातू पुरून चार दिवस झालेल्या माणसाला मी हे बोललो. त्यानं चावी उचलली. त्यानंतर त्यानं ती गाडी माझ्याकडं आणली नाही.

या वर्षी एप्रिलात, मोहफुलं पडायला लागली तेव्हा, नंदिनी बेलटोल्याहून आली आणि खांद्यावरची बॅगही न काढता खुर्चीत बसली. करिश्माला पुन्हा दिवस गेले होते, आठवा महिना सरत आला होता. आठ दिवसांत तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेऊन ठेवायला हवं होतं, आणि घरचे न्यायला तयार नव्हते. पेन तिला घाटी ओलांडू देत नाही, असं ठरलं होतं. लग्नाच्या दिवशी दिली नाही, तपासण्यांना दिली नाही, कळा आल्या तेव्हा दिली नाही. आता वाहनच नको. मागच्या मुलाचं खापरही तिच्याच डोक्यावर फुटलं होतं. तिच्या हातून काहीतरी चुकलं आहे, एवढं सगळ्यांना पटलं होतं. काय चुकलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट हे, की ते तिलाही पटलं होतं. पाय सुजेपर्यंत ती दर आठवड्याला घाटीवर चालत जाऊन तांदूळ ठेवून माफी मागत होती.

मी नेहमीसारखा चिडलो. अंधश्रद्धा, अडाणीपणा, जे तोंडाला येईल ते बोललो. नंदिनीनं सगळं ऐकून घेतलं.

"मी त्याईले समजावून थकली," ती म्हणाली. "तुमी ती गाडी पाहा."

"पाच डाव पाह्यली."

"गाडी पाह्यली. मानसाले इचारलं काय?"

तेव्हाही राग आलाच, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकलनं बेलटोल्याला गेलो. मंगरूभाऊ मोहफुलाची पोती व्हॅनमध्ये भरत होता. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं मला वाटलं होतं. त्यानं बायकोला, नीलाबाईला, चहा ठेवायला सांगितलं. मी गाडीतून तुमच्यासोबत येतो, एवढंच मी म्हणालो. करिश्मा ओसरीच्या कोपऱ्यात बसली होती. पोट पुढं आलेलं आणि तोंड एवढंसं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

आम्ही निघालो. गाडी पोत्यांनी गच्च भरलेली, आत मोहाचा उग्र गोड वास, सीटखालून धग. घाटी दुसऱ्या गिअरवर चढलो. माथ्यावर पेनचं ठाणं आलं. मंगरूभाऊनं स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावला आणि गाडी तशीच पुढं गेली. दुसरं वळण गेलं, उतार लागला. काही झालं नाही. 'बघा, म्हटलं होतं ना,' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण नंदिनीचं बोलणं कानात होतं. मी गिळले.

"करिश्मा असली का असंच जाता काय?" मी विचारलं.

"नाई. पोटुशी बाई असो, नवी नवरी असो, तं थांबा लागते. समदे उतरतो. तांदूळ ठेवतो, दारू शिंपतो, तिचं नाव सांगतो पेनले. मंग जातो."

"अना गाडी?"

"बंद करतो. पेनच्या समोर घुरघुर करत ठेवू का?"

"किती वेळ?"

"नाव सांगाले लागते तेवढा. एक बिडी, दोन बिडी."

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. चालत्या इंजिनात पाणी फिरत असतं, खालून हवा लागत असते. भरलेली गाडी घाटी चढून तापली आणि माथ्यावर एकदम बंद केली, की पाणी थांबतं, हवा थांबते आणि सगळी धग सीटखाली कोंडते. पुढची दहा-पंधरा मिनिटं तिथलं सामान चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतं. त्या वेळेत गाडी पुन्हा सुरू केली, तर एखादी मरायला टेकलेली वस्तू दगा देते. निवली की पुन्हा शहाणी होते. वडसा रस्त्यावर मी दहा वर्षं जरी फिरलो असतो, तरी मला ती सापडली नसती. मी कुठं थांबतच नव्हतो.

"हे तुमी मले कधी सांगतलं नाई, भाऊ," मी म्हणालो.

"तूच म्हनला होता ना, मिस्त्री. देवाचं नोका सांगू."

त्यानं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं, की मिस्त्रीनं सांगितलेलं पाळलं.

मी म्हणालो, गाडी वळवा, घाटी पुन्हा चढू, माथ्यावर बंद करू. मंगरूभाऊ अडला. गाडीत पोटुशी नाही, नवरी नाही. पेनपुढं खोटं थांबायचं कसं? मला हसू आलं नाही. थोडा विचार करून त्यानंच तोड काढली. पेनला खरं ते सांगू म्हणाला, की गाडी दुखणाईत आहे आणि मिस्त्री आला आहे.

त्यानं मोहाखाली बसून गोंडीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी हात जोडले नाहीत, त्यानंही जोडायला सांगितले नाहीत. मी बाजूच्या दगडावर घड्याळ बघत बसलो. त्यानं दोन बिड्या ओढल्या. बारा मिनिटं झाली. मग मी चालवायला बसलो.

इंजिन लागलं. दोनशे मीटर नीट गेलं. मग पहिली उचकी आली. मग दुसरी, तिसरी, आणि गाडी अशी थरथरायला लागली की पोती एकमेकांवर आदळली. तीन वर्षं ज्या आवाजाला मी खोटं म्हणत होतो, तो मी पहिल्यांदा ऐकला. इंजिन चालू ठेवून उतरलो, सीट उचलली. धग तोंडावर आली. मंगरूभाऊच्या कॅनमधलं पाणी घेऊन त्याचा दुपट्टा भिजवला आणि आधी पेट्रोलच्या पायपावर गुंडाळला. काही फरक नाही. मग कॉइलवर टाकला. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी, मुठीएवढी डबी. वाफ निघाली. मिनिटभरानं इंजिन हळूहळू सरळ झालं. दुपट्टा काढला, थांबलो, पुन्हा उचक्या. पुन्हा टाकला, पुन्हा सरळ. मंगरूभाऊ वाकून बघत होता आणि दर वेळी हुंकार देत होता.

"गावलं?" त्यानं विचारलं.

"गावलं. कॉइल होय. जुनी झाली."

हे खरं होतं, आणि खोटंही होतं. ती कॉइल मीच बसवली होती. लग्नाआधी गाडी आली तेव्हा तिच्या कॉइलचं टोक तुटलेलं होतं. नवी मागवायला दोन दिवस लागले असते, आणि वरात परवावर. माझ्याकडं भंगारात निघालेल्या एका गाडीची कॉइल पडून होती. मीटरवर ती बरोबर दाखवत होती. थंड कॉइल बरोबरच दाखवते. पुढं मी त्या गाडीतली एकेक वस्तू संशयानं तपासली, फक्त तिच्यावर कधी संशय घेतला नाही, कारण तिला माझा हात लागला होता. आपला तो बाब्या. काखेत कळसा घेऊन मी तीन वर्षं गावाला वळसा घालत होतो.

व्हॅन गॅरेजमध्ये ठेवून घरी आल्यावर नंदिनीला सांगितलं, की बिघाड सापडला. तिनं विचारलं, काय होतं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, ती कोणी बसवली होती. मी जेवत होतो. घास हातातच राहिला. मीच, म्हणालो. तिनं भाजीच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"हे तिले सांगा," ती म्हणाली. "मंगरूभाऊले नाई. तिले."

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीहून एसटीनं नवी कॉइल आली. बसवली. पोती भरून घाटी तीनदा चढलो, तीनदा माथ्यावर गाडी बंद केली, तीनदा पंधरा मिनिटं थांबलो. एकदाही उचकी आली नाही. मग जुनी कॉइल खिशात घालून मी नंदिनीला घेऊन त्याच व्हॅननं बेलटोल्याला गेलो.

मंगरूभाऊनं घरात सांगून टाकलं होतं, की गाडीचं वय झालं होतं, आता मिस्त्रीनं ती नीट केली. नीलाबाईला ते पुरेसं वाटत नव्हतं. गाडी नीट होईल, पण पेनच्या मनातलं कसं नीट होईल, असं ती विचारत होती. मी तिथं गप्प राहिलो असतो, तर मला कुणी काही म्हटलं नसतं. गाडी जुनी, रस्ता खराब, नशीब खोटं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, आणि तो संन्यासी म्हणजे करिश्मा, समोर ओसरीच्या कोपऱ्यात सुजलेले पाय पसरून बसली होती.

मी ती कॉइल तिच्यापुढं जमिनीवर ठेवली. म्हणालो, लग्नाच्या आधी ही मी तुमच्या गाडीत टाकली. दुसऱ्या गाडीची वापरलेली होती. तापली की मरत होती. तुम्ही पेनजवळ थांबत होता म्हणून ती तिथंच मरत होती. त्यात पेन नव्हतं आणि तू तर नव्हतीसच. चूक माझी होती. तुझं बाळ माझ्या चुकीनं गेलं असेल. हे शेवटचं वाक्य मी वाटेत पाठ करत आलो होतो.

नीलाबाईनं तोंडाला पदर लावला. मंगरूभाऊ अंगणाकडं बघत राहिला. करिश्मानं कॉइल उचलली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि मांडीवर ठेवली.

"मी सालभर पेनले माफी मांगून राह्यली," ती म्हणाली. "काय चुकलं ते सुचे नाई, तं काईबी सांगत होती. लहानपनीचं सांगत होती." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी एक डाव इचारलं असतं तं, भाऊ?"



नीलाबाईच उठली. डोळे पुसून तिनं नंदिनीला विचारलं, की दवाखान्यात सोबत काय काय न्यावं लागतं.

दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. मंगरूभाऊनं चावी माझ्या हातात दिली. करिश्मा माझ्या बाजूच्या सीटवर बसली, मागं नंदिनी, नीलाबाई आणि मंगरूभाऊ. अंकुश मोटारसायकलवर मागून येत होता. माथ्यावर मी गाडी हळू केली, तर करिश्मा म्हणाली, चावी काढा. मी काढली. ती उतरून मोहाखाली जाऊन उभी राहिली. नीलाबाईनं तांदूळ ठेवले आणि सुनेचं नाव सांगितलं. माफीचं या वेळी कुणी काही बोललं नाही. एक बिडी झाली, दोन झाल्या, तिसरीही झाली. मी सीटवर बसून तापत असलेल्या इंजिनाची टिकटिक ऐकत होतो.

चावी फिरवली. इंजिन लागलं. दोनशे मीटर. अर्धा किलोमीटर. दुसरं वळण आलं, तसा करिश्मानं माझ्या हाताला हात लावला.

"इथी थांबवा," ती म्हणाली. "बंद नोका करू."

मी गाडी कडेला घेतली. ती पोटाखाली हात धरून उतरली आणि पाचोळ्यातून दहा-बारा पावलं चालत एका सागाखाली गेली. नंदिनी मागून उतरायला लागली, तर तिनं मान हलवून नको म्हटलं. मागच्या सीटवर नीलाबाई हुंदके देत होती. तेच ते ठिकाण होतं. सव्वा तास गाडी इथंच उभी होती.

करिश्मा पाठमोरी उभी होती. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. ती परत येऊन बसेपर्यंत इंजिन एकसारखं चालत राहिलं, आणि एकदाही चुकलं नाही.